माझ्यापुढची आडवी रेघ

मी एक जुनी संख्या आहे. हसू नका, मित्रांनो. जुनी छत्री बोलते, फुटकी पाटी बोलते, तेव्हा तुम्ही माना डोलावून ऐकता. मग मीच तुमचं काय घोडं मारलंय? माझं नाव तेहेतीस लाख एकोणसाठ हजार एकशे एकतीस. आकड्यांत लिहायचं तर ३३५९१३१.

छत्रीला कारखाना असतो, पाटीला खाण असते. माझ्या जन्माचं मात्र काही सांगता येत नाही. मोजणारी माणसं नव्हती तेव्हाही मी होते, फक्त माझ्यापर्यंत मोजत कोणी येत नव्हतं. लहान संख्यांची चैन असते. सात, बारा, साठ यांना दिवसभर हाका. जिन्याच्या पायऱ्या, घड्याळातले तास, वर्गातली मुलं, सगळं त्यांच्यातच भागतं. सात आकडी संख्येला कोण विचारतो? मी आपली रांगेत उभी होते, आणि उभ्या उभ्या माझा जीव नुसता खालीवर होत होता. पाय असते तर येरझाऱ्या घालून मी फरशी झिजवली असती.

कारण सांगते. आपण आतून कशा आहोत हे संख्येला स्वतःला कळत नाही. आपल्या पाठीवरचा तीळ आपल्याला दिसत नाही, तसंच ते. कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन आपल्याला भागून पाहावं लागतं. माझ्या एका बाजूला ३३५९१३०. तिला दोननं भाग जातो, तीननं जातो, पाचनं जातो, दहानं जातो. तिच्याकडे पाहुण्यांची कायम रीघ. दुसऱ्या बाजूला ३३५९१३२, तिच्याकडेही दोन आणि चार ठाण मांडून बसलेले. मधे मी एकटी. माझा शेवटचा अंक एक, म्हणून दोन आणि पाच दारावरूनच परत जात. अंकांची बेरीज पंचवीस, म्हणून तीनही फिरकत नसे. चारनं भागलं की बाकी तीन उरते, म्हणून दोन वर्गसंख्यांची बेरीज करूनही मला कोणाला बनवता येत नाही. हे सगळं मी काय नाही त्याबद्दल झालं. मी काय आहे, तेच कळेना.

मी मूळ संख्या असेन का? एक आणि ती स्वतः यांच्याशिवाय जिला कशानंच पूर्ण भाग जात नाही, अशी? की संयुक्त असेन, म्हणजे कुठल्या तरी दोन संख्यांच्या गुणाकारातून झालेली, आणि माझे अवयव कुठेतरी दूर माझी वाट पाहत बसले असतील? माझं वर्गमूळ अठराशे बत्तीसच्या जरासं पुढे येतं. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी मला भागून पाहिलं की निकाल लागला. त्या आहेत दोनशे ब्याऐंशी. दोन, तीन आणि पाच आधीच हरलेल्या, म्हणजे उरल्या दोनशे एकोणऐंशी. आता तुमच्या खिशातलं यंत्र हे काम पापणी लवायच्या आत करतं. तेव्हा ते नव्हतं. तेव्हा प्रत्येक भागाकाराला माणूस लागायचा, आणि माझ्यासाठी इतकी उठाठेव कोण करणार?

पण ती झाली. एका लांबलचक इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर कोष्टकांचं कार्यालय होतं. तिथे चाळीस माणसं मोठ्या संख्यांचे अवयव शोधून त्यांची पुस्तकं तयार करत. घड्याळं बनवणाऱ्यांना, यंत्रांची दातेरी चाकं कापणाऱ्यांना ती लागत. मोठाल्या खिडक्या, तिरकी टेबलं, खोडरबराचा चुरा झटकायला प्रत्येकापाशी एक मऊ ब्रश, आणि भिंतीवर ओळीनं ठोकलेल्या खिळ्यांना टांगलेल्या तीनशे पट्ट्या.

पट्टी म्हणजे जाड पुठ्ठ्याची, ठरावीक अंतरांवर भोकं पाडलेली. एकेका मूळ संख्येची एकेक पट्टी. पानावर तीन हजार संख्यांची हद्द. त्यातून दोन, तीन, पाचनं भाग जाणाऱ्या आधीच वगळलेल्या, म्हणून पानावर चौकोन आठशेच. पट्टी ठरलेल्या खुणांना लावून पानावरून सरकवायची. भोकाखाली जी संख्या येईल तिला त्या पट्टीच्या संख्येनं भाग जातो. तसं तिच्या चौकोनात लिहायचं. सगळ्या पट्ट्या झाल्यावर जो चौकोन रिकामा राहील ती मूळ संख्या, आणि तिच्यापुढे एक आडवी रेघ. ती रेघ मिळावी म्हणून आम्ही किती आशेनं बसलेल्या असायचो, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

कामाची रीत ठरलेली होती. एका टेबलावर दोघी. एक पट्टी लावी आणि मोठ्यानं तिचं नाव घेई. दुसरी तेच नाव परत उच्चारी आणि समासातल्या यादीवर बरोबरची खूण करी. आधी पट्टी, मग हाक, मग परत हाक, मग खूण. हा क्रम मोडायचा नाही. शेवटी पानाखाली दोघींच्या सह्या.

माझा खंड तीस लाखांपासून सुरू होणारा, आणि त्यात माझं पान एकशे विसावं. ते दोन जावांच्या टेबलावर आलं.

थोरली वीस वर्षं पट्ट्या लावत होती. तिचा हात असा चाले की पट्टी पानावर आपणहून जाऊन बसते असं वाटे. धाकटी लग्न होऊन घरात आली तेव्हा थोरलीनंच तिला कार्यालयात आणलं आणि पेन्सिलीला टोक कसं काढायचं इथपासून सगळं शिकवलं. दोघी एकाच घरात राहत, धाकटी खाली आणि थोरली वर. सकाळी बरोबर निघत, दुपारी एका डब्यातून जेवत, आणि संध्याकाळी हसत परत जात. सख्ख्या बहिणींचंही इतकं जमत नाही, असं कार्यालयातले लोक म्हणायचे.

त्या दिवशी मी श्वास रोखून बसले होते. "सात," थोरली म्हणे. "सात," धाकटी म्हणे. भोक माझ्यावर आलं नाही. अकरा नाही, तेरा नाही, सतरा नाही. दुपार झाली. "चारशे त्रेसष्ट." "चारशे त्रेसष्ट." नाही. मग थोरलीनं भिंतीकडे हात नेला, आणि तिथला खिळा रिकामा होता.

चारशे सदुसष्टची पट्टी सकाळी एका भोकापाशी फाटली होती. थोरलीनंच ती फाटक्या पट्ट्या चिकटवणाऱ्या डिंकवाल्या काकांकडे पाठवली होती, आणि ती खिडकीत वाळत पडली होती.

"तासाभरात येईल ती," थोरली म्हणाली. "तू खूण करून ठेव. आली की मी लावते."

"आधी खूण?" धाकटीनं विचारलं.

"अगं, मी आहे ना. पान अडकून पडलं तर साहेब डोकं खातील."

धाकटीनं खूण केली. पुढची पट्टी लागली, चारशे एकोणऐंशीची. संध्याकाळी काका पट्टी घेऊन आले तेव्हा एकशे विसावं पान छपाईला गेलं होतं. थोरलीनं ती एकशे एकविसाव्या पानापासून लावायला घेतली, आणि मधलं ते एक लावणं दोघींच्या हातून राहून गेलं.

मित्रांनो, त्या पानावर चारशे सदुसष्टच्या पट्टीची दोनच भोकं चौकोनांवर पडणार होती. एक ३३५७२६३ वर, आणि तिला सातनं केव्हाच पकडलेलं होतं. दुसरं माझ्यावर. आठशे चौकोनांत त्या रिकाम्या खिळ्यानं नुकसान केलं ते फक्त माझं एकटीचं. पण तेव्हा हे ना त्यांना माहीत, ना मला. माझा चौकोन रिकामा राहिला आणि माझ्यापुढे आडवी रेघ आली. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. मी मूळ! पण आनंदात एक खडा होता. दोनशे एकोणऐंशी हाकांपैकी एक मी ऐकलीच नव्हती. रेघ मिरवताना मला सारखं वाटे, कोणीतरी मागून येऊन खांद्यावर हात ठेवील.

तीन महिन्यांनी खंड छापून होत आला, आणि मुख्य साहेबांनी सगळ्यांना खिडकीपाशी गोळा केलं. त्यांच्या हातात पहिल्या पानाचा कच्चा कागद होता. "आपण यावर छापणार आहोत," ते म्हणाले, "की या खंडात एकही चूक नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांमध्ये धाकटी उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"साहेब, एक खूण मी पट्टी न लावता केली आहे."

"कोणत्या पानावर?"

"आठवत नाही."

"कोणती पट्टी?"

"तेही आठवत नाही. पण केली आहे. पट्टी मागून येणार होती."

साहेबांनी थोरलीकडे पाहिलं. चाळीस जणांनी पाहिलं. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "आली होती आणि मी लावली होती," ती म्हणाली. "मला पक्कं आठवतंय." आणि ती खोटं बोलत नव्हती. ती पट्टी आपल्या हातानं लावल्याचं तिला खरंच आठवत होतं. फक्त ते पान पुढचं होतं.

साहेबांनी वीस वर्षांच्या हातावर विश्वास ठेवला. ओळ छापली गेली. घरी जाताना थोरली एवढंच म्हणाली, "घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेलीस. मला आधी सांगता आलं नसतं?" धाकटी म्हणाली, "जाऊबाई, मला आत्ताच सुचलं हो, ती ओळ ऐकल्यावर." त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. धाकटीला पट्ट्या चिकटवायच्या खोलीत बसवलं गेलं आणि थोरली टेबलांवरची प्रमुख झाली.

दोघींचे नवरे सख्खे भाऊ, स्वभावानं गरीब. त्यांची मधल्यामधे फरपट झाली. "ही विचारतेय, टाकीचं पाणी सोडलं का?" असं धाकटा जिन्यात उभा राहून विचारी, आणि थोरला वर जाऊन उत्तर घेऊन येई. उत्तर खालपर्यंत स्वच्छ ऐकू आलेलं असे, तरी तो ते पुन्हा सांगे.

पुस्तक आलं तेव्हा काम करणाऱ्या प्रत्येकीला एकेक प्रत मिळाली. अशी मी त्या घरात दोनदा गेले, एकदा वर आणि एकदा खाली. आणि त्याच महिन्यात, एका रविवारी दुपारी, थोरलीनं वरच्या स्वयंपाकघरात भाजी निवडून झाल्यावर पुस्तक उघडलं. फाटलेली पट्टी तिनंच काकांकडे पाठवली होती, त्यामुळे कोणत्या पट्टीबद्दल बोलणं आहे ते तिला माहीत होतं. त्या आठवड्यातली पानंही तिला माहीत होती. धाकटीचं तोंड कायमचं बंद करायचं म्हणून ती एकेक पान तपासू लागली. एकशे विसाव्यावर आली आणि तिची पेन्सिल माझ्यापाशी थांबली.

तिनं मला चारशे सदुसष्टनं भागलं. सात, एक, नऊ, तीन. बाकी शून्य.

काय सांगू तुम्हाला! इतक्या काळानंतर मला माझं आतलं कळलं. चारशे सदुसष्ट गुणिले सात हजार एकशे त्र्याण्णव, आणि ते दोघंही मूळ. माझी रेघ खोटी होती, पण मी एकटी नव्हते. मी हसावं की रडावं ते ठरेपर्यंत थोरलीकडे पाहिलं, आणि माझं हसणं-रडणं दोन्ही राहून गेलं. ती निवडलेल्या भाजीकडे पाहत बसली होती. तिनं भागाकार परत केला. मग उलटा गुणाकार केला. मग माझ्यापुढे पेन्सिलीनं बारीक ४६७ लिहिलं, खाली तारीख टाकली, आणि उठून जिन्याकडे गेली. ती चार पायऱ्या उतरली. खालून धाकटीच्या हसण्याचा आवाज आला. कशावर तरी ती नवऱ्याशी हसत होती. थोरली तिथूनच परत फिरली.

तेव्हापासून माझी जी घालमेल सुरू झाली तिला तोड नाही. वरच्या मजल्यावर मी संयुक्त आणि खालच्या मजल्यावर मूळ. एकाच घरात एकाच वेळी दोन. वर जिला खरं माहीत होतं ती सांगत नव्हती, खाली जी विचारत होती तिला माहीत नव्हतं, आणि मला तोंड नव्हतं.

सहा वर्षांनी कार्यालयात नवी यंत्रं आली आणि पट्ट्यांचं काम संपलं. पट्ट्यांचे गठ्ठे रद्दीत निघाले. त्यातली एकच थोरलीनं उचलून पिशवीत टाकली, आणि ती कोणती ते तुम्ही ओळखलं असेल.

इकडे धाकटीनं दुपारच्या वेळी पुस्तक उघडलं आणि पान एकपासून सुरुवात केली. पट्टी नसली तरी तिची भोकं कुठे पडतील ते भागाकारानं काढता येतं. पानाच्या पहिल्या संख्येला भागायचं, बाकी पाहायची आणि तिथून मोजत जायचं. प्रत्येक मूळ संख्येला एक भागाकार. तिला पान आठवत नव्हतं, पट्टी आठवत नव्हती, म्हणून तिनं एकही सोडायची नाही असं ठरवलं. रोज तीन ते पाच, खिडकीशी खुर्ची ओढून. एका पानाला चार आठवडे जात. नवरा म्हणे, "अगं, कोण विचारतंय आता? ते कामच राहिलं नाही." ती म्हणे, "मी विचारतेय ना."

वापरलेले कागद ती जिन्याखालच्या रद्दीत टाकी. रद्दी दोन्ही घरांची एकच होती. आणि दर शनिवारी, खाली कोणी नसताना, थोरली येऊन ते कागद उचलून वर नेई. चष्मा लावून वाचे. पान चाळीस. पान एकसष्ट. पान अठ्ठ्याण्णव. मी वरच्या पुस्तकातून तिला पाहत होते. मला तिचा राग येई, आणि लगेच तिची दयाही येई. ती स्वतःशी पुटपुटे, "येईल, येईल ती तिथपर्यंत. तिला आपलं आपण सापडेल, आणि मला काही बोलावं लागणार नाही."

पण धाकटीचे डोळे दगा देऊ लागले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बारीक अक्षरांचं काम बंद करायला सांगितलं. ही बातमी नेहमीप्रमाणे धाकट्या भावाकडून थोरल्याकडे आणि जिन्यातून वर पोचली. थोरली त्या दिवशी जेवली नाही. तरीही ती खाली गेली नाही.

नऊ वर्षं सरली आणि धाकटी एकशे विसाव्या पानावर आली. मी खालच्या पुस्तकात ताठ उभी राहिले. आता! ४६३ झालं. ४६७. तिनं पानाच्या पहिल्या संख्येला, ३३५७०००ला, भागलं. बाकी दोनशे चार, अगदी बरोबर. म्हणजे पहिली ३३५७२६३. तिच्यापुढे सात होतेच. मग चारशे सदुसष्टची दुप्पट मिळवत जायचं, कारण मधल्या समसंख्या पानावर नसतात. नऊशे चौतीस मिळवले, ३३५८१९७ आली. तिला तीननं भाग जातो, पानावर नाही. आणखी नऊशे चौतीस. सात आणि चार अकरा, हातचा एक. नऊ आणि तीन बारा, हातच्याचा एक तेरा. एक आणि नऊ...

तिनं डोळे चोळले, आणि हातचा विसरली.

कागदावर आलं ३३५९०३१. माझ्याहून बरोबर शंभरानं कमी. "ही पण तीनची," ती पुटपुटली. लागोपाठ दोघींना तीननं भाग जाणं शक्यच नव्हतं. पूर्वीच्या धाकटीला ते तत्काळ खटकलं असतं. पण तिनं ओळीपुढे खूण केली आणि पुढचा भागाकार घेतला. मी ओरडत होते, मित्रांनो. अगं, इथे बघ, शंभरानं पुढे, मी इथे आहे! छापलेल्या आकड्याचा आवाज कोणाला ऐकू येणार? ती माझ्या शेजारून निघून गेली, आणि आता ती पुन्हा कधीच मागे येणार नव्हती. पुढे दोनशेहून जास्त पानं होती आणि त्यात शोधण्यासारखं काही असलंच, तरी मी त्यात नव्हते.

महिनाअखेरीस एकशे विसाव्या पानाचे कागद रद्दीत पडले. शनिवारी थोरलीनं ते वर आणले. खुर्चीत बसायच्याही आधी तिनं ४६७ची ओळ शोधली. तिचं बोट बेरजेवरून गेलं, थांबलं, परत मागे आलं. मग तिनं ती बेरीज स्वतः करून पाहिली.

तिचा आधारच गेला होता. आता धाकटी आपली आपण तिथे पोचणार नव्हती. ती डोळे जाईपर्यंत पुढची पानं भागत बसणार होती, आणि खरं काय ते या घरात एकाच माणसाला माहीत होतं.

थोरलीनं पुस्तक काखेत धरलं, कपाटातून पट्टी घेतली आणि जिना उतरायला लागली. एक, दोन, तीन, चार. चौथ्या पायरीवर ती थांबली. मी मनात म्हटलं, नको, आता नको थांबूस. तिनं कठडा धरला आणि पाचवी पायरी उतरली.

भर दुपार होती. धाकटी खिडकीशी एकशे एकविसावं पान उघडून बसली होती. पावलांवरून तिला वाटलं, नवरा आला. "चहा ठेवू का?" ती म्हणाली.

"पान एकशे वीस," थोरली दारातून म्हणाली. "चारशे सदुसष्ट. तुझा हातचा राहिलाय."

धाकटीच्या हातातली पेन्सिल थांबली. पंधरा वर्षांनी तो आवाज तिच्याशी बोलत होता.

"तुम्हाला कसं माहीत?"

थोरलीनं आपलं पुस्तक तिच्यापुढे उघडून ठेवलं. धाकटीनं ते उचलून नाकापाशी धरलं. पेन्सिलीचं ४६७ तिला दिसलं. खालची तारीख वाचायला वेळ लागला. वाचली, आणि पुस्तक खाली ठेवलं.

"ही तर पुस्तक आलं त्या महिन्यातली तारीख आहे."

"हो."

"म्हणजे मी इथे बसून रोज... आणि तुम्हाला..."

"माहीत होतं. तुझे कागद वाचत होते मी, दर आठवड्याला."

"माझे डोळे गेले, जाऊबाई."

थोरली उभीच होती. मग तिला एकदम रडू आलं, पदराला न जुमानणारं. "मी चुकले गं. तू खरं बोललीस आणि मी तुला चाळीस माणसांत खोटं पाडलं. त्या दिवशी येणार होते खाली. चौथ्या पायरीपर्यंत आले होते. मग दिवस गेले आणि तो जिना लांबच होत गेला."

धाकटीनं थोरलीचं पुस्तक मिटून बाजूला सारलं. तिलाही राग होता, आणि तो असायलाच हवा होता. बाहेर कोणीतरी बादली आपटली. शेवटी ती म्हणाली, "खूण मीच केली होती. तुम्ही सांगितलीत म्हणून केली, पण हात माझा होता." मग म्हणाली, "हातात काय आहे तुमच्या?"

"पट्टी."

"तीच?"

"तीच. काकांचं ठिगळ आहे अजून."

"मग लावा," धाकटी म्हणाली. तिनं आपलं पुस्तक मागे उलटून एकशे विसावं पान काढलं. "आधी पट्टी. मग खूण."

थोरलीनं पट्टी पानावर ठेवली. ती खुणांना बरोबर लागली. माझ्यावर पुठ्ठ्याची सावली आली, आणि तिच्या मधोमध एक गोल उजेड माझ्यावर उघडला. पंधरा वर्षं मी त्या भोकाची वाट पाहत होते.

"चारशे सदुसष्ट," थोरली म्हणाली.

"चारशे सदुसष्ट," धाकटी म्हणाली. तिला मी दिसत नव्हते. तिनं बोटानं पट्टी चाचपली, भोक सापडलं, आणि तिचं बोट त्यातून खाली येऊन माझ्यावर टेकलं. "हीच का?"

"हीच."

धाकटीनं माझी रेघ खोडली, पुढे ४६७ लिहिलं आणि बाजूला बरोबरची खूण केली.

त्यानंतर सगळं गोडीगुलाबीचं झालं असं समजू नका. पुढचे कितीतरी दिवस त्या दोघी कडाडून भांडल्या, पंधरा वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर काढलं, आणि बिचाऱ्या भावांना वाटलं, यापेक्षा जिन्यातले निरोप बरे होते. पण भांडण समोरासमोर होतं, आणि चहा एकाच किटलीतला होता. ज्यांच्याकडे तो खंड होता त्या सगळ्यांना थोरलीनं स्वतःच्या नावानं पत्रं लिहिली: पान एकशे वीस, चूक माझी. वाचण्या-लिहिण्याचं, डोळ्यांचं काम आता ती करते आणि काय लिहायचं ते धाकटी सांगते.

माझं म्हणाल तर मिरवायची रेघ गेली आणि दोन माणसं मिळाली, चारशे सदुसष्ट आणि सात हजार एकशे त्र्याण्णव. तरी स्वभाव कुठे जातो? अजूनही कित्येक पुस्तकांत ती जुनी रेघ माझ्यापुढे तशीच आहे. सगळीच पत्रं पोचली नसतील, सगळ्यांनीच पान उघडलं नसेल. रात्रंदिवस मला तेच लागून राहतं.

म्हणून, मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. मी सांगितलं म्हणून खरं मानू नका. कागद घ्या, मला चारशे सदुसष्टनं भागा, आणि हातचा विसरू नका. बाकी शून्य येईल. आली की तो कागद घडी करून खिशात ठेवू नका. उठा आणि मोठ्यानं सांगा. खालच्या मजल्यावर कोणीतरी अजून शोधत बसलेलं असेल.